मॅक्रो फोटो सारखा धूसर येतोय? लेन्सला दोष देण्याआधी काय काय तपासायचं

“लेन्समध्येच काहीतरी गडबड आहे, एकही फोटो शार्प येत नाही.” पहिला पाऊस पडून किडे-फुलं दिसायला लागली की आमच्या भटक्या गटात हे वाक्य ऐकू येतंच. मग तो कॅमेरा फिरत फिरत माझ्याकडे येतो. अशा कॅमेऱ्यांमध्ये खरोखर बिघडलेली लेन्स क्वचितच निघते. बाकीच्यांचं दुखणं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या हिशेबातलं असतं आणि ते बरं करायला बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत.

इथे मी डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, त्यावर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, नाहीतर साध्या लेन्सपुढे लावलेली रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी क्लोज-अप लेन्स किंवा एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी), असा हौशी माणसाचा सरंजाम धरलाय. १:१ असं लिहिलंय तिथे किडा जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर), एवढं लक्षात ठेवा.

आधी लक्षण ओळखा

धूसरपणा एकाच जातीचा नसतो. फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघा आणि खालीलपैकी काय दिसतंय ते ठरवा.

- कुठेच काही स्पष्ट नाही, ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट झालेत: हात हलला किंवा वारा होता.
- डोळा धूसर, पण मागचा पाय किंवा पानाची कड लख्ख: फोकस चुकीच्या जागी पडलाय.
- डोकं स्पष्ट, पंखांची टोकं गेली: डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट येणारी जाडी, अपुरी, किंवा कॅमेरा किड्याला समांतर नव्हता.
- सगळं सारखंच मऊ, ओढल्याची खूण नाही, जागा चुकल्याचीही नाही: अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, फार बारीक केलंय.
- दुधी पडदा आल्यासारखं, उजेडाच्या जागेभोवती वलय: काचेवर बोट, बाष्प किंवा आत बुरशी.
- स्पष्ट कडेशेजारी तिचीच फिकट सावली: फ्लॅश आणि बाहेरचा उजेड यांची भेसळ.
- कडा ठीक, पण बारीक केस-खवले जलरंगात फासल्यासारखे: आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) खूप जास्त, वर कॅमेऱ्याचं दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन.
- दर फोटोत, दर अपर्चरला, चौकटीची तीच एक बाजू गेलेली: इथे मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

तपासणीचा क्रम फुकटाकडून खर्चाकडे जाणारा आहे. मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली तर दुकानदार लेन्स पुसून परत देतो आणि फोटो पहिल्यासारखेच येत राहतात.

१. मूळ फाइल बघताय ना?

गटात व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो बघून लेन्सला शिव्या घालणारे बरेच भेटतात. व्हॉट्सॲप फोटो आकसून पाठवतं आणि नाकतोड्याच्या मिशा सगळ्यात आधी त्यातच जातात. कार्डातली मूळ फाइल उघडा. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उरलेल्यांना पुढचं वाचायचंय.

२. काच, फिल्टर, बाष्प

लेन्सची पुढची काच आधी ब्लोअरने झटका, मग मायक्रोफायबर कापडाने पुसा. ब्लोअर आधी अशासाठी, की धुळीचा कण तसाच राहिला तर कापडाखाली तोच चरे पाडतो. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे शिंतोडे उडतात.

पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एक फोटो घ्या. मॅक्रोमध्ये फ्लॅश लेन्सच्या टोकाशी असतो, त्याचा तिरपा उजेड या जादा काचेवर आदळून कॉन्ट्रास्ट खातो. लेन्सचं संरक्षण हवं असेल तर हूड लावा, पण १:१ ला तोच उजेड अडवतोय का तेही बघा.

बाष्पाचा त्रास पावसाळ्यातला. ताम्हिणीत किंवा आंबोलीत एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं. पुसलं तरी पुन्हा धरतं, कारण काच अजून थंडच असते. पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून ती पिशवी बाहेरच्या हवेत तितकाच वेळ राहू द्या. पाणी मग पिशवीवर धरेल. धुकं लेन्सच्या आत दिसत असेल आणि काही तासांतही जात नसेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

३. अंतर आणि लेन्सवरची बटणं

मॅक्रो लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं एक बटण असतं. कॅननच्या १०० मिमी एल लेन्सवर त्याच्या तीन जागा आहेत: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटर ते अनंत. बटण तिसऱ्या जागी राहिलं आणि तुम्ही मुंगीजवळ गेलात, तर लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहते. हे बटण बॅगेत घासून आपोआप सरकतं, त्यामुळे “काल चालत होतं” ही तक्रार आली की मी आधी तिथेच बघतो.

शिवाय १०० मिमीच्या लेन्सचं किमान अंतर साधारण ३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, ते सेन्सरपासून. लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत जेमतेम १३ ते १५ सेंटिमीटर उरतात. रेनॉक्स डीसीआर-२५० ची शक्ती ८ डायॉप्टर, म्हणजे मूळ लेन्स अनंतावर असली तरी साडेबारा सेंटिमीटरपलीकडचं तिला दिसणारच नाही. फूटभर लांबून फोकस होत नाही म्हणून ती परत करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

४. व्ह्यूफाइंडरचा नंबर

डोळ्याजवळचं ते छोटं चाक. चष्मा घालून बघणारा आणि न घालता बघणारा असे दोघे एकच कॅमेरा वापरत असतील, तर ते एकासाठी हमखास चुकीचं असतं. लेन्सकडे लक्ष न देता आतले आकडे किंवा फोकसच्या चौकोनाच्या रेघा बघा, त्या रेखीव दिसेपर्यंत चाक फिरवा. मॅन्युअल फोकस करणाऱ्याला हे फार नडतं. आत सगळंच धुरकट दिसत असेल तर डोळा नेमका कशावर ठरवणार?

५. हालचाल: हाताची, झाडाची, आणि पुढे-मागे डोलणाऱ्या तुमची

धूसर फोटोंचं सगळ्यात मोठं गाठोडं इथलं आहे.

शटर स्पीड फोकल लेंग्थइतका असावा, म्हणजे १०० मिमीला १/१००, हा नियम लांबच्या फोटोंचा. १:१ ला तो विसरा. फ्लॅशशिवाय हातात धरून काढत असाल तर १/३२० च्या खाली जाऊ नका, त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

“पण माझ्या लेन्सला स्टॅबिलायझर आहे!” आहे, पण साधा स्टॅबिलायझर कॅमेरा कोनात हलला तर सावरतो. इतक्या जवळ कॅमेरा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकला तरी प्रतिमा हलते. ते सावरायला कॅननने २००९ साली १०० मिमी एलमध्ये हायब्रिड आयएस हा स्टॅबिलायझर आणला. पण नेहमीच्या अंतरावर ४ स्टॉप (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं) सांगणारी तीच कंपनी १:१ ला २ स्टॉपच सांगते. आणि माणूस पुढे-मागे डोलतो, त्यावर तर यातल्या कशाचाच इलाज नाही. उकिडवं बसून श्वास सोडला तरी आपण दोन-चार मिलिमीटर सहज सरकतो.

म्हणून आधार शोधा. कोपर गुडघ्यावर टेकवा, किंवा डाव्या हाताच्या दोन बोटांत किड्याची काडी धरून त्याच मनगटावर लेन्स ठेवा. काडी आणि लेन्स मग एकत्रच हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. कोळ्याच्या जाळ्याच्या बाबतीत हे करू नये, जाळं तुटतं. काडी पकडण्याआधी ती नीट बघा. सह्याद्रीत ती खाजकुयलीची असू शकते, पानामागे ओंबिलांचं घरटं असू शकतं, आणि रात्रीच्या फेरीत तीच फांदी चापड्यासारख्या विषारी सापानेही धरलेली असू शकते.

वाऱ्यावर उपाय म्हणजे पहाट. गारठ्यात किडे सुस्त असतात आणि हवा पडलेली असते. दवाने भिजलेली टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद) सकाळी सातला जितकं जवळ येऊ देते तितकं दहाला देत नाही. कासच्या पठारावर दुपारी वाऱ्यात गेंदाची फुलं टिपणं म्हणजे कार्ड भरणं. छत्री आडवी धरली तर थोडा फरक पडतो.

६. फोकस नेमका कुठे पडतोय

डोळा धूसर आणि पाय स्पष्ट, असं असेल तर कॅमेरा काम बरोबर करतोय, फक्त जागा चुकलीय. ऑटोफोकसने डोळा पकडला, कुलूप लावलं, आणि बटण पूर्ण दाबेपर्यंत तुम्ही मिलिमीटरभर पुढे गेलात.

माझी पद्धत अशी: ऑटोफोकस बंद. फोकस रिंगने आधी हवं तेवढं मॅग्निफिकेशन ठरवायचं आणि रिंगवरून हात काढायचा. मग सगळं शरीर हळूच पुढे न्यायचं. डोळा स्पष्ट होऊ लागला की बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची माळ, सोडायचा आणि त्यातूनच पुढे सरकत राहायचं. पाच-सहा फोटोंतला एखादा डोळ्यावर बसतो. उडी मारणाऱ्या कोळ्यासाठी याहून सोपी वाट मला माहीत नाही. फोकस रेल, म्हणजे कॅमेरा स्क्रूने पुढे-मागे सरकवणारी पट्टी, हलत्या किड्यासाठी घेऊ नका. ती स्क्रू फिरवेपर्यंत किडा पुढच्या झाडावर गेलेला असतो.

पंख हवे असतील तर सेन्सरची पातळी पंखांच्या पातळीला समांतर आणा. चतुराच्या अगदी वरून किंवा बसलेल्या फुलपाखराच्या अगदी बाजूने घेतलेला फोटो डोक्यापासून टोकापर्यंत स्पष्ट येतो तो यामुळेच. मात्र समांतर येण्यासाठी कासवर दवबिंदू या किडे खाणाऱ्या रोपट्याच्या पुढ्यात आडवं पडून खालची सीतेची आसवं ही फुलं चिरडायची नाहीत. तो कोन मिळत नसेल तर तो फोटो सोडून द्या.

७. अपर्चर: बारीक म्हणजे स्पष्ट, हा गैरसमज

एफपुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढं भोक बारीक. “डेप्थ कमी पडतेय, एफ/२२ कर.” हा सल्ला जो तो देतो, आणि सगळीकडून सारखा मऊ फोटो येतो तो यातून.

एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा) सेन्सर, १:१, असं धरून डेप्थ ऑफ फील्ड बघा: एफ/२.८ ला सुमारे ०.२ मिलिमीटर, एफ/८ ला ०.६, एफ/११ ला ०.९, एफ/१६ ला १.३. म्हणजे बारीक करून मिळतं तेही मिलिमीटरभरच. त्याबदल्यात जातं काय? प्रकाश लहान भोकातून जाताना पसरतो, त्यामुळे एका बिंदूची छोटी तबकडी होते. शिवाय १:१ ला खरं अपर्चर तुम्ही लावलेल्याच्या जवळजवळ दुप्पट आकड्याचं होतं. लावलं एफ/८ तर परिणाम एफ/१६ चा, लावलं एफ/१६ तर एफ/३२ चा. लेन्सच्या रचनेप्रमाणे थोडं इकडेतिकडे. एफ/३२ ला ही तबकडी साधारण ४३ मायक्रॉनची असते आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा. एक बिंदू दहा पिक्सेलांवर पसरला, मग खवले कुठून दिसणार?

यात एक खोच आहे. निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मॅक्रो लेन्सवर हे वाढलेलं, खरं अपर्चर दाखवतात. १०५ मिमी एफ/२.८ व्हीआर लेन्स १:१ ला नेली की उघड्यात उघडं अपर्चर एफ/४.८ दिसतं. लेन्स बिघडली म्हणून घाबरू नका. कॅनन लावलेलाच आकडा दाखवत राहतो. तेव्हा कॅननवाल्या मित्राचा “एफ/११” निकॉनवर तसाच्या तसा लावला तर तुमचं अपर्चर त्याच्यापेक्षा बरंच उघडं राहतं.

कॅननच्या आकड्यात मी १:१ ला एफ/८ ते एफ/११ मध्ये राहतो. आख्खा भुंगा स्पष्ट हवाच असेल तर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो संगणकावर एकत्र जोडणं) करा, पण ते पहाटेच्या गारठलेल्या किड्यावर किंवा फुलावर. हलत्या मुंगीच्या स्टॅकमध्ये तिला बारा पाय फुटतात. किडा हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांशी मी फोटोग्राफीबद्दल बोलत नाही.

८. फ्लॅश

साधा हॉटशू फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, १/१६ शक्तीवर साधारण १/१०००० सेकंदच चमकतो. फोटो फक्त त्या चमकेने उजळला तर हात, वारा, सगळं गोठतं. पूर्ण शक्तीवर तोच फ्लॅश १/१००० च्या आसपास रेंगाळतो. म्हणून तो किड्याच्या शक्य तितका जवळ आणायचा आणि शक्ती कमी ठेवायची.

फिकट सावलीचं दुखणं शोधायची एक फुकट चाचणी आहे. सगळी सेटिंग तीच ठेवून फ्लॅश बंद करा आणि फोटो घ्या. तो जवळपास काळा यायला हवा. किडा ओळखू येत असेल तर बाहेरचा उजेडही फोटोत घुसतोय. आयएसओ उतरवा, शटर १/२०० किंवा तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपर्यंत (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात जलद शटरपर्यंत) न्या. हाय-स्पीड सिंक चालू असेल तर बंद करा. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता शटर सरकेपर्यंत लुकलुकत राहतो, आणि गोठवण्याचा सगळा फायदा जातो.

उजेड मऊ करणारा डिफ्यूजर नसेल तर भुंग्याच्या पाठीवर पांढरे चट्टे पडून पोत नाहीसा होतो आणि तेही लोकांना धूसर वाटतं. आतून चकचकीत असलेला चिप्सचा उभा डबा आणि तोंडावर बटर पेपर, एवढ्यावर काम भागतं.

९. घरातली नोटेची परीक्षा

इथवर सगळं करूनही शंका उरली तरच हे. दहा रुपयांची नवी, चॉकलेटी नोट घ्या. तिच्यावर ‘भारत’ वगैरे सूक्ष्म अक्षरं छापलेली असतात, भिंगातून ती शोधून ठेवा. नोट भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, पंखा बंद, स्टॅबिलायझर बंद, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) मोठं करून मॅन्युअल फोकस, दोन सेकंदांचा टायमर. समांतर आहे का हे बघायला नोटेच्या जागी छोटा सपाट आरसा भिंतीला टेकवा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की झालं.

एफ/५.६ पासून एफ/२२ पर्यंत प्रत्येक अपर्चरला एकेक फोटो. मधल्या अपर्चरला अक्षरं वाचता आली तर लेन्स निर्दोष आहे. पाचव्या आणि सहाव्या भागाकडे परत जा. एफ/२२ ला ती पुसट होतील, तो सातव्या भागाचा पुरावा. आरशाने समांतर करूनही सगळ्या अपर्चरला एकच बाजू गेलेली दिसली तर आतली काच सरकलेली असू शकते. लेन्स पडली असेल तर जवळपास नक्कीच.

लाइव्ह व्ह्यूमध्ये शार्प आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस केला की धूसर, असं असेल तर ऑटोफोकसची जुळणी सुटलीय. मेनूत एएफ फाइन-ट्यून असेल तर घरीच करता येते.

शेवटी लेन्स काढून मागच्या बाजूने तिरपा टॉर्च मारा. चार-दोन धुळीचे कण असतील तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळिष्टकासारखे तंतू किंवा सरसकट दुधी थर दिसला तर ती बुरशी किंवा बाष्पाचा थर.

१०. इथे हात थांबवा

लेन्स घरी उघडायची नाही. व्हिडिओ बघून स्क्रू काढता येतात. पण काचा होत्या त्याच जागी शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने परत बसवायला उपकरणं लागतात. आतली बुरशी, सरकलेली काच, पात्यांवर तेल येऊन अडकणारं अपर्चर, ही दुरुस्ती करणाऱ्याची कामं. बुरशी दिसली की ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा आणि उशीर करू नका. कोटिंगमध्ये रुतलेली बुरशी साफ केली तरी खूण ठेवून जाते. उरलेल्या लेन्ससाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

सेन्सरवरचे ठिपके बारीक अपर्चरला हमखास दिसतात. ब्लोअरने गेले तर ठीक. चिकटलेले असतील तर दुकानात द्या.

फ्लॅश कधीच उघडू नका. बॅटरी काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला राहू शकतो. कॅमेऱ्यात पाणी गेलं तर बॅटरी लगेच काढा, चालू होतोय का बघण्याचा मोह आवरा आणि तसाच दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पीठ आत जातं.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर असो नाहीतर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातलं दुकान, जाताना नोटेच्या फोटोंच्या मूळ फाइली सोबत न्या आणि लेन्स पडली होती का, भिजली होती का हे खरं सांगा. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. सेकंडहँड बाजारात त्याच लेन्सला जेवढे पैसे पडतात त्याच्या निम्म्याहून तो जास्त असेल तर मी दुरुस्ती करत नाही. लेन्स परत आली की त्याच आठवड्यात तीच नोट, तीच अपर्चरं लावून फोटो काढा आणि जुन्यांशेजारी ठेवून बघा. दुरुस्तीची हमी थोड्या दिवसांचीच असते.